विद्यार्थी शॉर्टफिल्मचा आढावा: दोष दिसतो कुठे आणि घडतो कुठे

प्रश्न थोडक्यात असा आहे: पाच जणांच्या विद्यार्थी टीमने १२ मिनिटांची शॉर्टफिल्म पूर्ण केली, ती दाखवूनही झाली. आता अभ्यासक्रमाचा भाग म्हणून निर्मिती प्रक्रियेचा आढावा लिहायचा आहे. पण चर्चेला बसलं की "वेळ कमी पडला", "साउंड नीट आला नाही", "अजून रिहर्सल हव्या होत्या" यापुढे गाडी सरकत नाही. मग नेमकं तपासायचं काय आणि लिहायचं कसं?

ही तीन वाक्यं विद्यार्थ्यांच्या आढाव्यात हमखास सापडतात आणि बहुतेक वेळा ती खरीही असतात. पण ती लक्षणं आहेत, कारणं नाहीत. फिल्ममधला दोष जिथे दिसतो त्याच्या एक-दोन पायऱ्या आधी तो घडून गेलेला असतो. एडिटला नडणारी गोष्ट शूटवर घडलेली असते, शूटवरची शॉट डिव्हिजनमध्ये (सीन कोणकोणत्या शॉटमध्ये घ्यायचा त्याची यादी), आणि शॉट डिव्हिजनमधली पुष्कळदा स्क्रिप्टमध्ये किंवा रेकीमध्ये, म्हणजे लोकेशनच्या आधीच्या पाहणीत. आढावा घेणं म्हणजे एकेक दोष धरून तो निर्णय जिथे झाला तिथपर्यंत मागे चालत जाणं. हे काम आठवणीच्या भरवशावर होत नाही. शूटची आठवण लगेच गोष्टीचं रूप घेते आणि पाच जणांच्या पाच गोष्टी होतात. त्यासाठी कागद आणि रशेस, म्हणजे शूटवर रेकॉर्ड झालेल्या सगळ्या कच्च्या क्लिप, लागतात.

म्हणून चर्चेच्या आधी सामान गोळा करा: शूटला वापरलेली शेवटची स्क्रिप्ट, शॉट डिव्हिजन, शेड्यूल, कंटिन्युइटी शीट (शूटवर ठेवलेली टेकनिहाय नोंद), साउंडची नोंदवही, सगळे रशेस (एनजी, म्हणजे नापास टेकसकट) आणि तारखेनुसार प्रत्येक रफ कट, म्हणजे कच्चं एडिट. विद्यार्थी शूटवर कंटिन्युइटी शीट पहिले दोन तास नेमाने भरली जाते आणि मग मागे पडते. तसं झालं असेल तरी माहिती गेलेली नाही. कॅमेऱ्याच्या प्रत्येक क्लिपवर रेकॉर्डिंगची वेळ असते. सगळ्या क्लिप वेळेच्या क्रमाने लावा आणि एक तक्ता करा. त्यात सीन, शॉट, पहिल्या टेकची वेळ, शेवटच्या टेकची वेळ, टेक किती झाले आणि फायनल कटमध्ये कोणता टेक गेला, एवढे रकाने पुरतात. कॅमेऱ्याचं घड्याळ चुकीचं लावलेलं असलं तरी बिघडत नाही, कारण आपल्याला दोन वेळांमधलं अंतर हवं आहे. एका शॉटचा शेवटचा टेक संपल्यापासून पुढच्या शॉटचा पहिला टेक सुरू होईपर्यंतचा काळ म्हणजे त्या सेटअपला, कॅमेरा आणि लाइट नव्याने लावायला, लागलेला वेळ. १२ मिनिटांच्या फिल्मसाठी हा तक्ता दोन-तीन तासांत होतो आणि निम्मे वाद तिथेच मिटतात.

आता "वेळ कमी पडला" हे वाक्य त्या तक्त्याशेजारी ठेवून पाहा. समजा कॉल टाइमपासून (टीमने हजर व्हायची वेळ) पॅकअपपर्यंत आठ तास होते, म्हणजे ४८० मिनिटं. सामान उतरवून पहिलं लाइटिंग होईपर्यंत ६०, जेवणाला ४५ आणि पॅकअपला ३० मिनिटं धरली की शूटसाठी उरतात ३४५. शॉट डिव्हिजनमध्ये त्या दिवशी २३ शॉट असतील, तर शॉटमागे १५ मिनिटं येतात. कागदावर हे जमण्यासारखं वाटतं. पण सगळे शॉट सारखे नसतात. ज्या शॉटला कॅमेरा दुसऱ्या बाजूला जातो आणि लाइट हलवावे लागतात, त्याला नवख्या टीमला ३५ मिनिटं सहज लागतात. नुसती लेन्स बदलली किंवा कॅमेरा थोडा पुढे आला, तर १० मिनिटांत भागतं. २३ पैकी आठ शॉट पहिल्या प्रकारचे असतील तर २८० मिनिटं, उरलेल्या १५ शॉटची १५० मिनिटं, एकूण ४३०. म्हणजे ८५ मिनिटं कमी पडणार हे कोणी "ॲक्शन" म्हणण्याआधीच ठरलेलं होतं. तुमच्या तक्त्यातले खरे आकडे घालून हाच हिशोब करा. "वेळ कमी पडला" या तक्रारीच्या जागी "आम्ही शॉट मोजले, सेटअप मोजले नाहीत" असं लिहिता येतं. पुढच्या फिल्मला उपयोगी पडणारं वाक्य ते आहे.

ही ८५ मिनिटं कुठून गेली हेही तक्ता दाखवतो. बहुतेक वेळा ती दिवसाच्या शेवटच्या सीनमधून जातात. रशेसचं फायनल लांबीशी असलेलं प्रमाण संपूर्ण फिल्मचं काढलं, समजा दोन तास रशेस आणि १२ मिनिटं फिल्म, तर १०:१ येतं आणि सगळं ठीक वाटतं. तेच सीननिहाय काढा. पहिल्या सकाळचा दार उघडून आत येण्याचा साधा सीन २०:१ निघेल आणि संध्याकाळी घेतलेला, ज्यावर सगळी फिल्म उभी आहे तो सीन ३:१. तो शेड्यूलमध्ये शेवटी का ठेवला होता, याचं उत्तर आढाव्यात यायलाच हवं. "नटांना तयारीला वेळ मिळावा म्हणून" हे कारण असू शकतं. "स्क्रिप्टमध्ये शेवटी होता म्हणून" हे कारण असेल, तर दोष शेड्यूल करण्याच्या पद्धतीत आहे.

स्क्रिप्टच्या लांबीबद्दलही एक गोष्ट तपासा. एक पान म्हणजे एक मिनिट हा हिशोब एका ठराविक इंग्रजी मांडणीसाठी आहे: १२ पॉइंट कुरिअर, ठरलेले समास, संवाद मधल्या अरुंद पट्टीत. देवनागरीत, वेगळ्या फॉन्टमध्ये आणि आपल्या सोयीच्या समासात लिहिलेल्या स्क्रिप्टला तो लागू पडेलच असं नाही. आठ पानी स्क्रिप्टची पहिली लाइनअप (सगळे सीन क्रमाने जोडलेला पहिला कट) १९ मिनिटांची झाली असेल, तर तिथे एडिटर चुकलेला नाही. स्क्रिप्ट स्टॉपवॉच लावून, हालचालींसकट मोठ्याने वाचली गेली होती का, एवढं पाहा.

आता फिल्म बघण्याबद्दल. टीमने ती इतक्यांदा पाहिलेली असते की नजर बोथट होते. एकदा आवाज पूर्ण बंद करून पाहा आणि प्रत्येक सीनला फक्त एक वाक्य लिहा: इथे काय बदललं? ज्या सीनला वाक्य सुचत नाही, त्याचा सगळा अर्थ संवादावर टांगलेला आहे. दुसऱ्यांदा स्क्रीन झाकून फक्त ऐका, हेडफोन लावून. तिसऱ्यांदा गोष्ट माहीत नसलेल्या चार-पाच जणांना दाखवा आणि "आवडली का?" हे अजिबात विचारू नका. "काय घडलं ते सांगा" एवढंच विचारा. ते जिथे अडखळतात ती मिनिटं लिहून घ्या. मधे बोलून त्यांना मदत करण्याचा मोह फार होतो, तो टाळा. त्यांच्या गोष्टीतून जे गळलं ते पडद्यावर पोहोचलेलं नाही, मग तुमच्या मनात ते कितीही स्पष्ट असो.

साउंडवर जरा थांबायला हवं, कारण आढाव्यात सगळ्यात ढोबळ लिखाण त्याच्याबद्दल होतं. "साउंड खराब" या दोन शब्दांखाली अगदी वेगवेगळे दोष लपलेले असतात आणि प्रत्येकाचं कारण निराळं असतं. आवाज घुमतो, मागे सतत सूं ऐकू येतं, कट पडला की पार्श्वभूमी बदलते, कपड्याची खसखस येते, मोठ्याने बोलताना आवाज फाटतो, किंवा ओठ आणि शब्द जुळत नाहीत. आधी दोष नेमका ओळखा.

घुमण्याचं आणि सूं येण्याचं मूळ बहुतेक वेळा माइकच्या अंतरात असतं. मोकळ्या जागेत माइकचं अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे ६ डीबीने (डेसिबल, आवाजाच्या पातळीचं माप) उतरतो. दीड फुटांवरचा बूम (लांब काठीला लावलेला माइक) सहा फुटांवर गेला म्हणजे अंतर दोनदा दुप्पट झालं, १२ डीबी गेले. खोलीत भिंतींवरून परतणारा आवाज मात्र तेवढा उतरत नाही, म्हणून घुमणं वाढतं. एडिटमध्ये ते १२ डीबी परत चढवले की पंखा, रस्ता आणि रेकॉर्डरची सरसरही १२ डीबी चढते. मग गोंगाट कमी करणारं नॉइज रिडक्शन लावायचं, आणि त्यात 'स', 'श', 'फ' यांची धार जाऊन माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा वाटतो. याचा पुरावा रशेसमध्ये मिळतो. एकाच सीनचा वाइड (लांबून घेतलेला शॉट) आणि क्लोज (चेहऱ्याचा जवळचा शॉट) लागोपाठ ऐका. दोन्हींत आवाज तितकाच लांबचा आणि तितकाच घुमणारा असेल, तर वाइडसाठी फ्रेमबाहेर वर धरलेला बूम क्लोजच्या वेळी खाली आलाच नाही. कॅमेऱ्याची फ्रेम बदलली हे बूमवाल्याला कोणी सांगितलं का? प्रत्येक सेटअपला कॅमेरामनने फ्रेमची वरची कड हाताने दाखवायची आणि बूमने तिथपर्यंत उतरायचं, एवढ्या एका सवयीने हा दोष जातो.

कट पडला की पार्श्वभूमी बदलते, याचं कारण रूम टोन नसणं. प्रत्येक लोकेशनवर, माइक संवादाच्या वेळी होता तिथेच ठेवून, सगळे आपापल्या जागी गप्प उभे असताना ३० ते ६० सेकंद नुसती शांतता रेकॉर्ड करायची असते. माणसं बाहेर पाठवून घेतलेला टोन जुळत नाही, कारण माणसांची शरीरं आणि कपडेही आवाज शोषतात. तो घेतला नसेल तर "रोल" आणि "ॲक्शन" यांच्यामधले तीन-चार सेकंद रशेसमधून वेचून जोडता येतात. फायनल मिक्स पुन्हा करणार असाल तर हे करून बघाच. सतत सूं येत असेल तर फ्रीज चालू होता का तेही पाहा. फ्रीज बंद करायला लोक बिचकतात, कारण परत चालू करायचा राहून जातो. त्यावरचा जुना उपाय सोपा आहे: गाडीची किल्ली फ्रीजमध्ये ठेवायची, म्हणजे ती घेतल्याशिवाय कोणी घरी जाऊ शकत नाही.

संवादाच्या मधल्या पॉजमध्ये मागचा गोंगाट हळूहळू फुगतो आणि माणूस बोलू लागला की दबतो, असं ऐकू आलं तर रेकॉर्डिंग ऑटो लेव्हलवर होतं, म्हणजे आवाजाची पातळी यंत्र आपोआप कमी-जास्त करत होतं. लेव्हल हाताने लावून संवादाचे उंच टोक साधारण उणे १२ डीबीच्या आसपास (डिजिटल रेकॉर्डिंगची कमाल पातळी शून्य धरतात) ठेवले की ओरडण्याला जागा उरते. फाटलेला डिजिटल आवाज सॉफ्टवेअरने थोडाफार सावरतो, पूर्ण कधीच नाही. ओठ जुळत नसतील तर जुळणी कशी बिघडते ते बघा. सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच फरक असेल तर क्लॅप (चित्र आणि आवाज जुळवण्यासाठीची टाळीची खूण) चुकीच्या जागी जोडला आहे. फरक हळूहळू वाढत जात असेल आणि कॅमेरा फोनचा असेल, तर बहुधा फोनने बदलत्या फ्रेम रेटने (सेकंदाला किती फ्रेम) रेकॉर्ड केलं आहे. अशा फाइली एडिटला घेण्याआधी स्थिर फ्रेम रेटमध्ये बदलून घ्याव्या लागतात.

चित्राच्या बाजूचे दोष लवकर दिसतात, त्यामुळे त्यांच्याबद्दल लिहिलंही बरं जातं. पण एक उदाहरण जवळून पाहण्यासारखं आहे, कारण दोष मागे किती लांब जातो ते त्यात कळतं. क्लोजअपमध्ये डोळे सॉफ्ट, म्हणजे धूसर आले. पहिला आरोप फोकस धरणाऱ्यावर येतो. फुलफ्रेम (मोठ्या सेन्सरचा) कॅमेरा, ५० मिमी लेन्स, अंतर दीड मीटर आणि ॲपर्चर (लेन्सचं उघडं तोंड; आकडा लहान तेवढं ते मोठं आणि उजेड जास्त) एफ १.८ असेल, तर स्पष्ट दिसणारी पट्टी जेमतेम १० सेंमीची असते. नट बोलताना पुढे झुकला की डोळे तिच्या बाहेर. एफ ४ ला तीच पट्टी २० सेंमीच्या थोडी वर जाते आणि झुकणं निभावतं. मग एफ १.८ का ठेवलं? उजेड पुरत नव्हता. का पुरत नव्हता? रेकी सकाळी ११ ला केली तेव्हा खिडकीतून भरपूर उजेड होता आणि शूट झालं संध्याकाळी ५ ला. फोकसचा दोष रेकीच्या वेळेत सापडला. ज्या वेळी शूट आहे त्याच वेळी रेकी करायची, हा यातून निघणारा नेमका बदल. "पुढच्या वेळी फोकसकडे जास्त लक्ष देऊ" या वाक्याने काहीच बदललं नसतं.

चित्रात काळे पट्टे सरकताना दिसत असतील तर शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेमला उजेड किती वेळ मिळतो ते, तपासा. ५० हर्ट्झच्या विजेवर अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात, तिथे २४ किंवा २५ फ्रेमला १/५० शटर सुरक्षित असतं. ६० हर्ट्झ असेल तिथे १/६०. सीनमध्ये चेहऱ्याचा रंग मधेच बदलत असेल तर व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरं दिसावं यासाठीचं रंगाचं सेटिंग) ऑटोवर राहिला आहे. खिडकीचा साधारण ५६०० केल्विनचा (उजेडाच्या रंगाचं माप) उजेड आणि ३२०० चा पिवळा बल्ब एकाच चेहऱ्यावर असतील, तर कलर करेक्शनमध्ये एक बाजू सुधारली की दुसरी बिघडते. त्याचा निकाल शूटवरच लावायचा असतो: एक तर बल्ब बदला, नाहीतर पडदा ओढा.

एडिटमधली सगळ्यात नेहमीची तक्रार, "सीन लांबतोय पण कापता येत नाही." दोन माणसं टेबलाशी बोलत आहेत, मास्टर शॉट (पूर्ण सीन दोघांसकट घेतलेला) आहे, एकाचा क्लोज आहे, दुसऱ्याचा वेळेअभावी राहिला. आता दुसऱ्याच्या संवादातला पॉज कमी करायचा तर कट घ्यायला जागा फक्त पहिल्याच्या चेहऱ्यावर. म्हणून एडिटर सारखा तिथेच जातो आणि प्रेक्षकाला वाटतं की सीन पहिल्याचा आहे. गोष्ट दुसऱ्याची होती! म्हणजे कव्हरेजच्या, सीन कापता यावा म्हणून घ्यायच्या शॉटपैकी, एका राहिलेल्या शॉटने सीनचा अर्थ फिरवला. हातांचा, ग्लासचा, दाराचा एखादा इन्सर्ट (मधे घालायचा छोटा शॉट) असता तरी सुटका झाली असती. पूर्ण सीन एकाच शॉटमध्ये घ्यायचा असं ठरवून केलं असेल तर तो वेगळा आणि तितकाच रास्त निर्णय आहे. पण मग सीनची लय रिहर्सलमध्ये घड्याळ लावून बसवलेली असायला हवी, कारण एडिटमध्ये ती बदलता येणार नाही. "रिहर्सल हव्या होत्या" हे वाक्य इथे नेमकं होतं: कशासाठी हव्या होत्या ते सांगता येतं.

लुक चुकला असेल, म्हणजे समोरासमोर बसलेली दोन माणसं कटमध्ये एकाच दिशेला बघताना दिसत असतील, तर कॅमेरा दोघांना जोडणारी काल्पनिक रेषा ओलांडून गेला आहे. शॉट आडवा उलटून घेणं हा एडिटरचा नेहमीचा तोडगा. पण मागच्या पाटीवरची अक्षरं, मनगटावरचं घड्याळ आणि केसांचा भांग तपासल्याशिवाय तो वापरू नका.

तात्पुरत्या संगीताचा सापळाही पाहा. रफ कटवर एखादं ओळखीचं गाणं ठेवून कट बसवले गेले आणि शेवटी हक्क मिळत नाहीत म्हणून ते काढावं लागलं, असं झालं का? गाण्याच्या रचनेचे हक्क वेगळे आणि त्या रेकॉर्डिंगचे वेगळे, दोन्ही लागतात. नवं संगीत आलं की कटची लय पांगळी वाटते, आणि दोष संगीतकाराच्या माथी मारला जातो.

माणसांबद्दल लिहिताना नावं घेऊन दोष देऊ नका, भूमिका लिहा. दिग्दर्शक स्वतः कॅमेरा चालवत होता का? असेल तर टेक ओके करताना तो नटाकडे बघत होता की फ्रेमच्या कडांकडे, हे तुमच्या रशेसमध्ये दिसेल. ओके टेकमध्ये अभिनय ढिला आणि फ्रेम सुरेख असेल तर उत्तर मिळालं. हेडफोन लावून "पुन्हा घ्या" म्हणण्याचा अधिकार साउंडवाल्याला होता का, हाही प्रश्न विचाराच. बऱ्याच टीममध्ये तो नसतो, आणि सगळे कॅमेऱ्याच्या मॉनिटरभोवती उभे असतात.

लिहिताना सगळ्या दोषांची यादी करू नका. तीन किंवा चार निवडा आणि प्रत्येकाचा माग शेवटपर्यंत काढा. एक परिच्छेद साधारण असा होऊ शकतो: "सीन ४ मध्ये दुसऱ्या पात्राचा संवाद घुमतो (मिनिट ५:१० ते ५:४०). रशेसमध्ये वाइड आणि क्लोज दोन्हींत आवाज सारखाच लांबचा आहे. हा सीन दिवसाच्या शेवटी, ठरलेल्या वेळेपेक्षा ७० मिनिटं उशिरा सुरू झाला आणि क्लोजसाठी बूम पुन्हा लावला गेला नाही. उशीर सीन २ मधल्या तीन लाइट बदलांमुळे झाला, जे शेड्यूलमध्ये धरले नव्हते. पुढच्या शेड्यूलमध्ये प्रत्येक शॉटपुढे 'लाइट हलतो / हलत नाही' असा रकाना असेल." दोष, पुरावा, कारण, त्यामागचं कारण, बदल. इतकं आलं की परिच्छेद भरतो. जे जमलं त्याचाही असाच माग काढा, कारण एखादा सीन चांगला का झाला हे कळलं नाही तर तो पुन्हा जमवता येत नाही. चांगल्या सीनमागे बहुतेक वेळा एखादी साधी गोष्ट सापडते: त्या जागी नट आदल्या दिवशी तासभर बसून गेले होते, किंवा त्या सीनला दोनच सेटअप होते.

१५०० शब्दांचा आढावा असेल तर फिल्मची गोष्ट सांगण्यात शंभरापेक्षा जास्त घालवू नका. क्लिपच्या वेळांचा तक्ता, शॉट डिव्हिजनचं एक पान आणि त्याच सीनचं फायनल कटमधलं शॉटनिहाय वर्णन शेजारी शेजारी जोडा. आणि आढावा जमा होईपर्यंत हार्ड डिस्क रिकामी करू नका. फिल्म एक्स्पोर्ट झाली की जागा मोकळी करण्याची घाई होते. पण एनजी टेक, "ॲक्शन"च्या आधीचे सेकंद आणि क्लिपच्या मूळ वेळा रशेसमध्येच असतात. फाइलींची कॉपी करताना किंवा फॉरमॅट बदलताना त्या वेळा पुसल्या जाऊ शकतात, म्हणून तक्ता मूळ फाइलींवरूनच करा, आणि शक्य तितक्या लवकर.